कंपनीनंच उघडी बनवलेली

गाडी विकायची जाहिरात मोबाइलवर टाकायला मी बसले तेव्हा पहिलं भांडण एका शब्दावरून झालं. मी लिहिलं होतं, 'जुनी उघडी गाडी, दोन दारांची, चालू स्थितीत.' वडील, म्हणजे आमचे अप्पा, शेजारी खुर्ची ओढून बसले होते. चष्मा पुसत म्हणाले, "ओरिजिनल लिही की."

"अप्पा, ओरिजिनल कसं लिहू?"

"कसं म्हणजे? लिहितात तसं. ओरिजिनल कन्व्हर्टिबल. कंपनीनंच उघडी बनवलेली."

हे शेवटचं वाक्य आमच्या घरात माझ्याहून थोरलं आहे. सोलापुरातल्या निम्म्या नवरदेवांची वरात ज्या गाडीतून निघाली ती ही गाडी, आणि प्रत्येक नवरदेवाच्या बापाला अप्पांनी हे वाक्य ऐकवलेलं. एरवी अप्पांच्या तोंडात तीळ भिजत नाही. गल्लीत कुणाकडे काय शिजलं ते त्यांच्याकडून अख्ख्या गल्लीला कळतं. पण गाडीचं गुपित त्यांनी पोटात असं धरलं होतं की मला ते अव्वाकडून, म्हणजे आईकडून कळलं, तेही मी कॉलेजात गेल्यावर.

खरी गोष्ट अशी. अप्पांचं गॅरेज नवं होतं तेव्हा माढ्याच्या एका बागायतदाराच्या चांगल्या छताच्या, साध्यासुध्या गाडीवर वळवात कडुनिंबाची फांदी पडली. छत चेपून सीटला टेकलं. मालक म्हणाला, न्या भंगारात. अप्पांनी ती ट्रॅक्टरमागे बांधून आणली, छत सरळ करायचा खटाटोप केला, कंटाळले, आणि एके दिवशी कापूनच टाकलं. झाली उघडी गाडी!

पण छत म्हणजे नुसती सावली नसते, ते गाडीला ताठ धरतं. पहिल्याच वरातीत ते कळलं. नवीपेठेच्या गर्दीतून गाडी मिरवत कार्यालयापर्यंत आली, आणि दार उघडेना. माणसांच्या वजनानं गाडी मधोमध पोटातून खचली होती नि दारं चौकटीत आवळून बसली होती. नवरदेवाला मुंडावळ्या सावरत दारावरून उडी मारावी लागली. अप्पा शांतपणे म्हणाले, "उघड्या गाडीतून असंच उतरतात. साहेब लोक तसंच उतरायचे." लोकांना ते पटलं. पुढच्या दोन-चार लग्नांत तशाच उड्या पडल्या. मग अप्पांनी बंद पडलेल्या मागाच्या कारखान्यातून शेडचे लोखंडी चॅनल आणले, गाडीच्या पोटाखालून दोन्ही बाजूंनी वेल्डिंग करून बसवले, आणि नवरदेव माणसासारखे उतरू लागले.

आणि वरचा घडीचा टप? तो अव्वानं शिवला. ट्रकची ताडपत्री, तिच्यात मशीनची सुई मोडायची, म्हणून दाभण घेऊन हातानं. आतून अस्तर सोलापुरी चादरीचं, काठाला दोष राहिल्यानं मागावरून बाजूला काढलेली, मोरांची. गिऱ्हाईक मान वर करून मोर बघायचं तेव्हा अप्पा सांगायचे, "कंपनीनं हिंदुस्थानासाठी खास अस्तर दिलंय." स्वयंपाकघरातून भांडी आपटल्याचा आवाज यायचा. लहानपणी मला वाटायचं, अव्वाच्या हातून भांडी फार पडतात.

आता गाडी ज्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती ती शेजाऱ्यांची. दिवाळीनंतर तिथं त्यांचं बांधकाम सुरू होणार होतं. अप्पांचे गुडघे गेलेले, वराती कधीच बंद. भंगारवाला येऊन पत्र्यावर टकटक करून गेला होता. त्या दिवशी अप्पा अर्ध्या ताटावरून उठले. त्यांच्या मनात एकच होतं, गाडी भंगारात जाऊ नये, कुणीतरी मानानं न्यावी. म्हणून मी मुकाट्यानं 'ओरिजिनल' लिहिलं. रागही आला होता, पण लिहिलं.

पहिलं गिऱ्हाईक पुण्याचं. चहा नको, पाणी नको, म्हणे आधी गाडी दाखवा. खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि पत्र्यावरून फिरवायला लागला. जिथं चिकटेना तिथं मान हलवायचा, आत पुट्टी भरलेली म्हणून. समोरच्या काचेच्या चौकटीवर अप्पांनी पितळी नळी बसवून कापलेली कड झाकली होती. तिथं नखानं खरवडलं. आरसी बुक मागितलं, त्यात नुसतं मोटार कार लिहिलेलं. उघडी का झाकलेली, त्या पुस्तकाला काय पडलंय! मग तिथंच उभं राहून, अप्पांच्या देखत, फोनवर कुणाला तरी म्हणाला, "फेक आहे रे. कापलेली आहे. म्हातारा थापा मारतोय."

गाडीबद्दल तो खोटं बोलला नाही, हे मलाही कळत होतं. पण माझ्या नाकावर राग असतो. मी त्याला फाटक दाखवलं. अप्पा भिंतीकडे तोंड करून झोपले ते दुसऱ्या दिवशीही उठेनात. अव्वानं दोनदा भाकरी गरम करून नेली, दोनदा परत आणली.

त्यामुळे नातेपुत्याहून फोन आला तेव्हा मी आधीच दरडावून सांगितलं, "गाडी बघा, पटली तर घ्या, नाही पटली तर गप जा. वडिलांसमोर वेडंवाकडं बोललात तर बघा." पलीकडून हसण्याचा आवाज आला. "बरं ताई. न्हाय बोलत."

रविवारी सकाळी तो आला. चाळिशीचा, अंगानं थोराड. घरची खिलार बैलांची पैदास. "आमच्या दावणीला बैलं बी हायत आन जुन्या मोटारी बी," असं त्यानं चहा पिताना सांगितलं. चहा घेतला, पोहे घेतले, अव्वाला वाकून नमस्कार केला. मला तो तिथंच निम्मा आवडला.

गाडी त्यानं बैलासारखी बघितली. बॉनेट उघडलंच नाही. आधी मागे जाऊन उभा राहिला. "चालवून दावा की, अप्पा." अप्पांनी गाडी सुरू करून गल्लीतून फिरवून आमच्या दारात आणली, हा मागून चालत, चाकं सरळ पडतायत का बघत. गल्लीतली चार माणसं बोलावून आत बसवली आणि मग दार उघडलं, लावलं, परत उघडलं. ते अलगद उघडलं. मान डोलावून तो पाठीवर झोपला नि गाडीखाली शिरला. बराच वेळ नुसते त्याचे पाय दिसत होते. अप्पा त्या पायांकडे बघत पितळी नळीवर हात ठेवून उभे होते. मी मनात म्हटलं, आता हा बाहेर येऊन 'कापलेली' म्हणाला, की आमच्या म्हाताऱ्याला आठवडाभर अंथरुणावरून उठवायचं काम आपलंच.

तो बाहेर आला, पाठ झटकली आणि म्हणाला, "आता खोड सांगा."

"खोड?" अप्पा.

"आमच्यात जनावर इकताना मालकानं आपल्या तोंडानं खोड सांगायची असती. मारतंय का, बसतंय का, बुजतंय का. सांगून इकलं तर येवहार पक्का. लपवलं आन मागनं घावलं, तर जनावर माघारी आणून दारात बांदायचं."

"ह्या गाडीला खोड न्हाई," अप्पा म्हणाले. मग सवयीनं पुढचंही आलं. "कंपनीनंच उघडी बनवलेली हाय."

स्वयंपाकघरात काहीतरी आपटलं.

"आसं व्हय," तो म्हणाला. परत वाकून खाली बघितलं. "मंग त्या कंपनीवाल्याला हात जोडाया पायजे. खालनं काय चॅनल बसवलाय! जोड कुटं हाय ते बोट फिरवून बी कळत न्हाय. चार माणसं बसली तरी दार लोण्यावानी. परदेशातली माणसं लई हुशार बघा."

मग तो समोरच्या काचेपाशी गेला.

"आन ही काचंची चौकट. आसलं काम आपल्याकडं कुनाला जमायचं? साता जन्मात न्हाय जमायचं."

अप्पांची मान लाल झाली. घसा खाकरला. "अय्यो शिवा," असं पुटपुटले. ते बिथरले की कन्नडमध्ये शिरतात.

"कंपनीची गोष्टच येगळी," पाहुणा म्हणाला.

"कसली कंपनी!" अप्पा एकदम ओरडले. "कंपनीनं कुठं केलंय? मी केलंय! छत मी कापलंय, हितं, ह्या हातानं. ते चॅनल मागाच्या शेडचं हाय. पहिला जोड फाटला, दुसरा फाटला, तिसऱ्याला बसला. साता जन्मात जमायचं न्हाई म्हणे!"

मी कपाळावर हात मारला. इतकी वर्षं सांभाळलेलं आणि नेमकं गिऱ्हाइकासमोर, यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. गल्लीतली चार माणसं अजून गाडीतच बसली होती. ती माना वळवून बघू लागली.

पाहुणा मात्र हसत होता. "मला गाडीखाली शिरलो तवाच कळलं, अप्पा. पन खोड मालकाच्या तोंडातनंच यावी लागती. आता सांगितली, आता मी नेतो."

"कापलेली हाय कळून बी?"

"कंपनीची एक हाय की माझ्याकडं. पाऊस आला की आतलं समदं भिजतंय. ही गळती का?"

अप्पा उत्तर देणार, एवढ्यात दारातून आवाज आला. "एक थेंब न्हाई." अव्वा पदराला हात पुसत उभी होती. ती अप्पांना नावानं नाही, 'री' म्हणून हाक मारते, कन्नडमधलं 'अहो'. "काय री, छत तुम्ही कापलं ते सांगितलं. टप कुणी शिवला? कंपनीनं? ते मोर कंपनीचे?"

अव्वाला इतकं मोठ्यानं बोलताना मी क्वचितच ऐकलं असेल. ती पायऱ्या उतरून आली, टपाची घडी उघडली आणि पाहुण्याला टाके दाखवायला लागली. कुठं दुहेरी घातलेत, कोपऱ्यात कातडं का लावलंय, पाणी साचू नये म्हणून मधे उतार कसा दिलाय. तो वाकून वाकून बघत होता, विचारत होता. अप्पा बाजूला उभे. त्यांची फजिती बघून मला हसू येत होतं आणि त्यांच्यावर रागही येत होता. चॅनल आपलं म्हणायला त्यांना कंपनीची स्तुती ऐकावी लागली. ही बाई तर अर्धं आयुष्य कंपनीची स्तुतीच ऐकत बसली होती, नि तीही स्वतःच्या नवऱ्याच्या तोंडून.

भाव ठरायला वेळ लागला नाही. पाहुणा म्हणाला, आजच नेतो. अव्वानं बॉनेटला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. पाहुणा गाडी चालवत निघाला, आम्ही मागून चालत; गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा कोपऱ्यावरचे दुकानदार काका बाहेर आले. त्यांच्या दोन्ही मुलांच्या वराती ह्याच गाडीतून निघालेल्या. "काय अप्पा, ओरिजिनल गाडी चालली वाटतं?"

अप्पा थांबले. मला वाटलं, आता सवयीनं मान हलवतील. दोन्ही बाजूला दारात माणसं उभी होती.

"ओरिजिनल कुठली," अप्पा म्हणाले, तेही असं की पलीकडच्या गल्लीत ऐकू जावं. "तुम्हाला मी खोटं सांगत आलो. कापलेली हाय. छत मी कापलं, आणि वरचा टप आमच्या हिनं शिवलाय. हातानं. मला सुई धरता येत न्हाई."

काका आ वासून अव्वाकडे बघायला लागले. मी डोळे पुसले, मला कुणी बघितलं असेल तर बघू दे.

"ओरडायला काय झालं, री," अव्वा म्हणाली, पण पदर तोंडाला लावून हसत होती. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी ती रस्त्यावरच उभी राहिली, शेजारणी एकेक करून जवळ येईपर्यंत.