पान सापडले नाही

चाकणच्या आमच्या कारखान्यात गाड्यांच्या वायरिंगचे हार्नेस, म्हणजे एकत्र बांधलेले तारांचे जुडगे, बनतात. मी तिथे अ‍ॅडमिनला. कंपनीची वेबसाइट सांभाळणारा माणूस नोकरी सोडून गेला आणि त्याचा पासवर्ड माझ्याकडे आला, तेव्हापासून वेबसाइटही माझीच. सुरुवातीला एकदा मी साइटला जोडलेलं एक छोटं सॉफ्टवेअर, म्हणजे प्लगिन, अपडेट केलं आणि अख्खी साइट पांढरीफटक पडली. रडकुंडीला आले होते. मग सगळी प्लगिनं बंद करून एकेक सुरू करत गेले, तेव्हा बिघडलेलं सापडलं. तसंच शिकत गेले. कोणी शिकवलं नाही आणि मीही कोणाची वाट बघितली नाही.

त्या साइटवर एक पान मी मनापासून केलं होतं. लाइनवर काम करणाऱ्या बायकांचं. प्रत्येकीचा फोटो, खाली नाव, गाव आणि ती नेमकं काय काम करते त्याच्या दोन ओळी. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्यात बसून लिहिल्या होत्या.

एकदा कँटीनमध्ये त्यांची लाइन लीडर माझ्यासमोर येऊन बसली. चाकणजवळच्याच गावची, बोलायला रोखठोक.

"ताई, आमचं पान उघडत न्हाई."

"असं कसं? कुणाला दाखवत होतात?"

"लेकीला बघायला पाहुणं आलं व्हतं. म्हनलं, दाखवावं आपलं काम. तर आलं, पान सापडले नाही. पाहुणं हसलं आन म्हनलं, असू द्या, असू द्या." ती ताटाकडे बघत राहिली. "मी काय खोटं सांगत व्हते का?"

जेवण तसंच टाकून मी तिला माझ्या टेबलापाशी नेलं. माझ्या कॉम्प्युटरवर पान छान उघडलं. तिच्या फोनवर नाही. मला वाटलं, फोनमध्ये जुनं काहीतरी साठून राहिलं असेल. ते पुसलं. नाही. ती लाइनवर परत गेली आणि मी दुपारभर खटपट केली. साइटची कॅश, म्हणजे साठलेल्या जुन्या प्रती, रिकामी केली, पानांच्या पत्त्यांची सेटिंग पुन्हा सेव्ह केली, प्लगिनं बंद-चालू करून पाहिली. माझ्याकडे दिसायचं, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या फोनवर नाही.

मग डोक्यात आलं, मी तर लॉगइन केलेलं आहे. लॉगआउट करून बघितलं. पान सापडले नाही. पुन्हा आत जाऊन त्या पानाची सेटिंग उघडली, तर तिथे लिहिलेलं: खासगी. म्हणजे लॉगइन असलेल्यांनाच दिसणार, बाकी जगाला नाही. बिघाड नव्हताच. कोणीतरी हाताने बंद केलं होतं, आणि माझ्याशिवाय लॉगइन होतं फक्त नव्या मार्केटिंग मॅनेजरकडे.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"हो, मीच केलं," ते शांतपणे म्हणाले. "परदेशी क्लायंट साइट बघतात, मॅडम. त्यांना ऑटोमेशन दाखवायचंय. डोक्याला फडकं बांधलेल्या बायका बघून गृहउद्योग वाटतो."

"आणि क्लायंट प्लँटवर आला तर? बायकांनाही खासगी करणार?"

"ते मी बघेन. तुम्ही त्या पानाला हात लावू नका."

मी आवाज चढवला नाही. "सर, तुम्ही मला न विचारता बंद केलंत. मी तुम्हाला सांगून उघडते आहे."

टेबलावर येऊन मी ते पान पुन्हा सगळ्यांसाठी खुलं केलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी बोलावलं. मॅनेजर आधीच बसलेले. मालक म्हणाले, "कशाला वाद वाढवता मॅडम? एक पान तर आहे."

"ज्यांचं पान आहे त्यांना विचारा, साहेब."

लाइन लीडरला बोलावणं गेलं. ती आली, दाराशी थांबली नाही, थेट टेबलापर्यंत आली. मालकांनी विचारलं तशी म्हणाली, "आमी हाय तर हाय, साहेब. लपवन्यासारखं काय केलंय आमी?"

"फोटो तरी नवे काढू," मॅनेजर म्हणाले, "युनिफॉर्ममध्ये, टोप्या घालून."

"काढा की. पर नावं खाली ऱ्हायली पायजेत."

शेवटी ठरलं ते असं: पान राहील, फोटो नवे निघतील, नावं राहतील, पण वरच्या मेनूमधून पान काढायचं. शिवाय साइटची सेटिंग, प्लगिनं वगैरे सगळं हिंजवडीच्या एका एजन्सीकडे जाईल. माझ्याकडे फक्त मजकूर लिहिणं-बदलणं उरलं. आपल्या हातांनी सावरलेली साइट दुसऱ्याकडे गेली, याचं वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?

मेनूत नसलेलं पान कोण शोधणार? मजकूर मात्र माझ्याकडेच होता. मी मुख्य पानावर, परदेशी क्लायंटची नजर आधी पडते तिथे, मराठीत आणि इंग्रजीत एक ओळ लिहिली: आमचे हार्नेस कोण बांधतं ते इथे बघा. आणि तिला त्या पानाची लिंक दिली.

मॅनेजर टेबलापाशी आले. "हे काय आहे?"

"मेनूमध्ये नको, असं ठरलं होतं. मेनूमध्ये नाहीये."

ते आपल्या केबिनकडे निघून गेले. लिंक अजून तिथेच आहे. नवी बाई लाइनवर आली की तिच्या दोन ओळी मी त्याच दिवशी लिहून टाकते, आणि मग लॉगआउट होऊन, बाहेरच्या माणसाला पान दिसतंय का ते बघून घेते.