नळाला हात न लावण्याचा दिवस

नळवाले काकांचा कान भलताच तिखट होता. जेवता जेवता घास हातात थांबायचा, मान तिरकी व्हायची आणि "वरच्यांच्या मोरीतला वॉशर गेला" म्हणत ते ताटावरून उठायचे. बोलावणं यायची वाट बघायची नाही. सगळी इमारत त्यांच्यावर खूश होती, एक काकू सोडून. मुलीच्या सासरी दोघं पहिल्यांदा गेले, तेव्हा चहा येईपर्यंत काका व्याह्यांच्या न्हाणीघरात पालथे पडले होते. काकूंनी दोन्ही कप एकटीने प्यायले होते.

म्हणून सहलीच्या गाडीने जंगलातला धबधबा बघायला जायचं ठरलं, तेव्हा काकूंनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं, "उद्या एका जरी नळाला हात लावलात, तर यापुढे मी बहिणीबरोबर फिरेन. तुम्ही बसा पाइपांबरोबर."

हे त्या हळू आवाजात म्हणाल्या. काकू भांडी आपटत बोलल्या की काका निर्धास्त असत. आवाज खाली आला की सावरून बसत. त्यांनी लगेच शब्द दिला. आणि सकाळी निघताना डाव्या मोज्यात एक छोटा पाना सरकवला. वापरायचा नव्हताच. नुसता जवळ असला की बरं वाटायचं.

परीक्षा जंगलाच्या फाटकातच सुरू झाली. तिथे पिण्याच्या पाण्याचा नळ होता आणि त्याला एक माकड लोंबकळत होतं. माकडांना नळ उघडता येत होता; बंद करण्याशी, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंप्रमाणेच, त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. कुणीतरी माकडाला हुसकावून नळ बंद केला, तरी तो भिंतीपाशी टपटपत राहिला.

"मागचा नट ढिला झालाय," काका पुटपुटले.

"काय म्हणालात?"

"हवा छान आहे म्हटलं."

काकांनी हात पाठीमागे बांधले आणि ते चालू लागले. गाईड म्हणून खाकी कपड्यांतली एक चुणचुणीत मुलगी होती. तिने उंच झाडावरची धनेश पक्ष्याची ढोली दाखवली. मादी आत बसते आणि ढोलीचं तोंड लिंपून टाकते, चोचीपुरती फट ठेवते, असं तिने सांगितलं. बाकीचे लोक पक्षी बघत होते. काका लिंपण बघत होते. काम चोख होतं, कडेलासुद्धा भेग नव्हती.

पुढे गुहा. छताला वटवाघळं लटकलेली, खाली माणसाएवढा दगडी खांब आणि त्याच्या डोक्यावर वरून थेंब पडत होता. टप. टप. काकांचा हात आपोआप वर गेला आणि बोट थेंबाखाली धरलं गेलं.

"आजोबा, हात काढा," गाईड म्हणाली.

"अगं बाई, गळतंय इथे."

"गळू द्यायचं असतं ते. त्यातूनच झालाय हा खांब."

काकांना हे पटायला वेळ लागला. हजारो वर्षं कुणी गळती काढली नाही, आणि आता तीच बघायला तिकीट! काकू पदर तोंडावर दाबून हसत होत्या. हा नळ नव्हता, हे त्यांनी स्वतःहूनच मान्य केलं.

गुहेतून वर चढताना पाना टाचेखाली घसरला. काका लंगडू लागले आणि काकूंचा जीव वरखाली व्हायला लागला. त्यांनी खांदा पुढे केला, घाम पुसला, हळू चालायला लावलं. प्रत्येक काळजीगणिक पाना जास्तच टोचत होता.

मग धबधबा आला. डोंगराच्या कड्यावरून अख्खं पाणी कोसळत होतं आणि त्या गर्जनेत दुसरं काहीच ऐकू येत नव्हतं. काकांनी सवयीने मान तिरकी केली. काही नाही. एकही टपटप नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या कानाला काम नव्हतं. ते खडकावर टेकले आणि मग त्यांना काकू दिसल्या. चष्म्यावर तुषार साचले होते, त्या पुसत नव्हत्या, नुसत्या वर बघत होत्या. काका मग पाणी सोडून त्यांच्याकडेच बघत बसले.

थोड्या वेळाने काकूंना पाय आठवला. नको नको म्हणेपर्यंत त्यांनी बूट काढला, मोजा ओढला, आणि पाना खडकावर पडला.

काकूंनी पाना बघितला, मग काकांना. काकांच्या डोळ्यांपुढे मेहुणी पिशवी भरून उभी राहिली. काकूंनी पाना पर्समध्ये टाकला आणि काहीतरी म्हटलं. ऐकू आलं नाही. शेवटी त्या कानाशी ओरडल्या, "म्हटलं, बसा अजून थोडं."

परतताना सगळे गाडीत बसले. काका खिडकीशी, हात मांडीखाली दाबून. बाहेर फाटकातला नळ अजून टपटपत होता. त्यांनी मान दुसरीकडे वळवली. ड्रायव्हरने गाडी चालू केली, तशा काकू उठल्या.

"एक मिनिट थांबवा हो गाडी. ते टपटप काही सहन होत नाही मला."

"अगं, तू शब्द घेतलायस," काका म्हणाले.

"तुमचा घेतलाय. माझा कुठे दिलाय?"

काकू उतरल्या, नळावर परत आलेल्या माकडाला हाकललं, पर्समधून पाना काढला आणि नटाला लावला. काकांनी खिडकीतून कंबरेपर्यंत बाहेर झुकून बघितलं, हात मात्र आतच ठेवले.

"उलटं फिरवतेयस. उजवीकडे. अगं, तुझ्या उजवीकडे."