न छापलेलं पान

मैत्रेयी, सिद्धांत,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, प्रशीलमामा नेमकं काय काम करायचा. मी म्हणाले, कॉम्प्युटरचं. फोन ठेवल्यावर ते उत्तर मलाच, त्याच्या आईला, अपुरं वाटलं. त्याला जाऊन सात आठवडे झाले. घरी येणारी माणसं तो किती शांत होता, किती हसवायचा, ते सांगतात. कामाचा विषय कुणी काढत नाही, कारण ते कुणाला ठाऊकच नाही. मलाही अर्धंच ठाऊक आहे. जेवढं आहे तेवढं क्रमाने लिहून ठेवते, विसरायच्या आत.

तुमचे आजोबा इथे मलकापुरात कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. प्रशील लहानपणी त्यांचा डबा घेऊन जायचा. तेव्हा तिथे एकच लांब लोखंडी शाफ्ट फिरायचा आणि त्यावरून पट्ट्यांनी सगळी यंत्रं चालायची. पुली लहान-मोठी लावून प्रत्येकाचा वेग वेगळा ठेवत. पुढे त्याचं काम मला समजावून सांगताना तो तिथूनच सुरुवात करायचा. "आई, चिपमदी बी असंच असते." चिपमध्ये एक घड्याळ असतं. ते वेळ सांगत नाही, नुसता ठेका देतं. स्क्रीन, मेमरी, बाहेरून येणाऱ्या तारा, सगळ्यांना त्याच ठेक्यातून आपापला वेग मिळतो. हा वेग मागून घेणारा प्रत्येकाचा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात, आणि तो कॉम्प्युटरच्या अगदी मुळाशी, कर्नेलमध्ये बसतो. मामा ते लिहायचा. "आपल्यापुरता वेग मागाचा, पन शेजारच्याचा पट्टा हालू द्याचा नाई. एवढंच काम हाय माह्यं."

हे काम तो घरूनच करायचा. लिहिलेलं ईमेलने पाठवायचं, मग जगभरातली अनोळखी माणसं ते तपासणार, चुका काढणार, पटलं तर घेणार. सोबत इंग्रजीत मजकूर द्यावा लागतो, काय बदललं आणि का. तो मजकूर मी तपासल्याशिवाय पाठवायचा नाही, असा त्याचा नियम होता. मी जन्मभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. सकाळच्या चहानंतर लाल पेन घेऊन कागदावरच वाचायचं, ही माझी सवय. "तू मले नववीतच ठेवलं हाय," तो म्हणायचा. सुरुवातीला तो सगळंच छापून आणायचा, मजकूर एका पानावर आणि कोड दुसऱ्यावर. मी म्हणाले, "हे दुसरं पान मला कळत नाही, कशाला कागद वाया घालवतोस? मजकूर तेवढा छापत जा." तो म्हणाला, "बरं मॅडम." तेव्हापासून एकच पान येऊ लागलं.

गेल्या हिवाळ्यात तो अफसरबरोबर पिंपळगाव राजाला गेला. अफसर त्याचा शाळेपासूनचा मित्र, माझाच विद्यार्थी. दूध संकलन केंद्रांवरची, वजनकाटा आणि स्क्रीन जोडलेली मशीनं बसवतो, दुरुस्त करतो. तिथल्या केंद्राच्या भाऊंनी तक्रार सांगितली. "स्क्रीन जागी झाली का काटा बडबडते साहेब. आकडे सोडून कायबी छापते. मंग आम्ही स्क्रीन बंद करतो अन् वजन हातानं लिवतो."

"मशीनच भंगार हाय," अफसर म्हणाला.

प्रशील घरी आला, जेवला नाही, तीन दिवस खोलीतून फारसा बाहेर पडला नाही. चौथ्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसला. "आई, ते माह्यंच हाय." काही वर्षांपूर्वी त्याने लिहिलेल्या ओळी होत्या. स्क्रीन स्वतःसाठी वेग मागायची तेव्हा अख्खा शाफ्टच वेगात यायचा, आणि काट्याची तार त्याच शाफ्टवर होती. "कितीकांनी तपासलं, कोनालेच नाई दिसलं. आता ह्या चिपचे बोर्ड कुठी कुठी लागले असतील..."

"मग दुरुस्त कर."

"करतोच. पन माह्या नावानं गेलं पायजे. चूक मी केली, तर सांगीन बी मीच."

केंद्रातलं मशीन त्याने घरी आणलं. बरेच दिवस त्याच्यापाशी बसून होता. एका मंगळवारी संध्याकाळी काटा नीट चालू लागला. त्याने मजकुराचं पान छापून माझ्या टेबलावर ठेवलं. जानेफळहून माझी बहीण आली होती. मी म्हणाले, परवा बघते. त्याला तसंच पाठवता आलं असतं. मी तसं म्हटलंही. "घाई नाई," तो म्हणाला. "तुह्या पेनाबिगर जात नाई ते."

गुरुवारी सकाळी मी पान वाचलं. एक लांब वाक्य तोडून त्याची दोन केली. दोन ठिकाणी 'the' राहिला होता, तो घातला. मग त्याला हाक मारली. तो उंबऱ्यापाशी छाती धरून बसला होता... दवाखान्यात पोचलो, पण तो पोचला नाही.

दिवसकार्य झाल्यावर अफसर लॅपटॉप उघडायला बसला. मी जन्मतारीख सांगितली, आजोबांचं नाव, शाळेचं नाव, तुमची दोघांची नावं. "बस करा मॅडम," तो म्हणाला. "त्यानं कुलूपच असं लावलं हाय. हे नाई उघडत." मग मी ते पान त्याच्या हातात दिलं. त्याने सावकाश वाचलं. "काय बिघडलं, काऊन बिघडलं, समदं हाय ह्याच्यात. दुरुस्ती तेवढी नाई."

"ती दुसऱ्या पानावर असते."

"मंग ते पान कुठी हाय?"

मी सांगितलं, ते छापू नकोस असं मीच म्हटलं होतं. त्याने पान समोर ठेवलं आणि स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवायला घेतलं.

तो मजकूर आम्ही जसाच्या तसा पाठवला. काही दिवसांनी तपासणाऱ्यांचं उत्तर आलं. सभ्य, नेटकं इंग्रजी, एकही शब्द मला अडला नाही. त्यांनी चार प्रश्न विचारले होते, कोणत्या बोर्डावर, आधी वेग किती, नंतर किती, तपासणीच्या नोंदी पाठवता येतील का. मी ते तीनदा वाचलं. हवं तर त्या उताऱ्यावर वर्गात धडा घेतला असता, पण त्यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मला देता येत नव्हतं. अफसरलाही नाही. शेवटी मी लिहिलं की, हे लिहिणारा आता नाही. तिघाचौघांनी दुःख कळवलं. एकाने लिहिलं, तो बोर्ड मिळाला की बघू. अजून कुणाला मिळालेला नाही. मी रोज सकाळी बघते.

मशीन केंद्राला परत द्यावं लागलं, त्यांचं काम अडलं होतं. त्यात प्रशीलने शेवटची भरलेली दुरुस्ती तशीच आहे. अफसरने जाणकारांना विचारलं. मशीनमधून प्रशीलने लिहिलेल्या ओळी जशाच्या तशा परत निघत नाहीत म्हणे. भाऊंना अफसरने बजावून ठेवलंय, ह्या मशीनवर नवीन काही टाकू द्यायचं नाही. परवा भाऊंचा फोन आला होता. स्क्रीन चालू ठेवूनही काटा बरोबर चालतो, म्हणाले.

तेव्हा जे उरलं आहे ते असं. मामाची चूक कर्नेलमध्ये आहे, त्याच्या नावासकट, जगात कुणालाही वाचता येईल अशी. त्याची दुरुस्ती पिंपळगाव राजाच्या एका मशीनमध्ये आहे, आणि ती कुणालाच वाचता येत नाही. पण सकाळ-संध्याकाळ तिथे दूध मोजलं जातं, आणि वजन बरोबर येतं.