आप्पांचा लॅपटॉप आणि माझी बदली

लष्करातून निवृत्त झालेला माणूस घरी परत येतो, अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी माझ्या चुलत सासऱ्यांना पाहिलेलं नाही. आप्पा सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पेन्शन सुरू झाली, कराडच्या अलीकडच्या त्यांच्या गावात सत्कार झाला, उसात पाणी सोडायला ते रोज जाऊ लागले. पण घरी काही ते अजून आलेले नाहीत. घरात ते राहतात ते तळावर राहिल्यासारखे. अंगणातल्या चपला एका रेषेत, म्हशीची तपासणी सकाळी सहाला, आणि एसटी साडेनवाची असली की आप्पा पावणेनऊला थांब्यावर. माझ्या लग्नात कानपिळीला मेहुणा पुढं आला, तेव्हा सगळा मांडव हसत होता आणि आप्पा त्याला गंभीरपणे सांगत होते, "बेतानं पीळ, पर ड्यूटी पुरी झाली पायजे." त्या पोरानं ती अशी पुरी केली की फोटोत माझा एक कान अजून लाल दिसतो.

या माणसाचा सगळा धर्म एका वाक्यात मावतो. बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही. गावात पाण्याच्या पाळ्या असतात. आपली पाळी संपली की लोक पाट तसाच सोडून घरी जातात, पुढचा येऊन बघून घेतो. आप्पा तसं करणार नाहीत. पुढच्याच्या हातात खोरं देऊन "पाणी चालू, बांध ठीक" एवढं म्हटल्याशिवाय ते बांधावरून हलत नाहीत. एकदा पुढची पाळी ज्याची होती तो गडी म्हसवडला सिद्धनाथाच्या दर्शनाला गेला आणि निरोप द्यायला विसरला. आप्पा दुपारपासून दिवेलागणीपर्यंत चिखलात उभे. त्यांची बायको, आमच्या काकी, भाकरी घेऊन गेल्या तर म्हणाले, "ठिव तिथं. बदली आली की खातो." बदली आली नाहीच. शेवटी काकींनी स्वतः खोरं हातात घेतलं, तेव्हा कुठं त्यांनी भाकरीला हात लावला.

अशा माणसाच्या घरात लॅपटॉप आला. त्यांचा मुलगाही फौजेत, सध्या उत्तरेत कुठंतरी बर्फात. तो वरच्या चौकीवरून खाली उतरला की त्याला इंटरनेट मिळतं, मग तो फोन करतो. कधी उतरेल त्याचा नेम नाही आणि आपण इकडून लावावा तर लागत नाही. काकींना ऐकू जवळजवळ येत नाही. मोबाईलवर त्या मुलाचा आवाज ऐकू शकत नाहीत आणि एवढ्याशा चौकोनात चेहराही त्यांना नीट दिसत नाही. म्हणून गेल्या सुट्टीत पोरानं मोठ्या पडद्याचा लॅपटॉप आणला, सोप्यातल्या कोनाड्यात मांडला, आणि जाताना बापाला सांगून गेला, "आप्पा, ह्यो बंद करू नका. माझा फोन ह्याच्यावरच येणार."

बापाच्या दृष्टीनं तो हुकूम झाला. लॅपटॉप त्या दिवसापासून बंद झाला नाही. समोर काकी बसतात आणि पडद्यावर पोराच्या चेहऱ्याकडं टक लावून बघतात. तो काय बोलला ते त्यांना आप्पांनी हातवारे करून सांगावं लागतं, पण तो जेवला आहे की नाही, हे त्या आप्पांना सांगतात. आप्पा म्हणतात, "माजं वायरलेस खोटं पडंल, हिचं पडायचं न्हाई."

एका रविवारी सकाळी आप्पांचा मला फोन आला. मी कराडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळतो, त्यामुळे सासुरवाडीत कुणाचा टीव्ही बिघडला तरी मलाच बोलावतात. आप्पा म्हणाले, "जावईबापू, घुसखोरी झालीया. या."

घुसखोर म्हणजे अपडेटची सूचना. 'अपडेट तयार आहे, आता रीस्टार्ट करायचं की उद्या आठवण करू?' असा तो चौकोन. आधी दिवसातून एकदा कोपऱ्यात यायचा, मग तासातासाला यायला लागला, आणि परवा पोराचा फोन चालू असताना थेट त्याच्या तोंडावरच येऊन बसला. आप्पांना तो हलवता येईना. काकी पडद्याच्या बाजूनं वाकून बघायला लागल्या, जणू चौकोनाच्या मागं पोरगं दिसेल. तेवढ्यात तिकडचं नेटवर्क गेलं. आप्पांनी हे सांगितलं आणि काकींकडं न बघता मिशीवरून हात फिरवला. मला लागलीच कळलं की प्रकरण साधं नाही.

तरी मी मनात म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे. काहीतरी बिघाड असणार. तेवढ्यात आप्पांनी एक रजिस्टर पुढं ठेवलं. तारीख, वेळ, 'काय म्हणाला', 'काय उत्तर दिले', असे चार रकाने आखलेले. सात महिन्यांच्या सगळ्या सूचना त्यात होत्या. तिसऱ्या रकान्यात प्रत्येक ओळीला 'रीस्टार्ट करू का विचारतो' आणि चौथ्यात प्रत्येक ओळीला 'उद्या या म्हणून सांगितले'. मी पानं उलटतच गेलो. मध्ये एका जागी फक्त 'आज तीनदा आला. चिकाटी चांगली आहे' असा शेरा होता.

मी कपाळावर हात मारला. "आप्पा, बिघाड कसला? तुम्हीच सात महिने त्याला पुढं ढकलताय. एकदा हो म्हणा, तो परत असा छळणार नाही. पाऊण तास लागेल फार तर."

"पाऊण तास ह्यो बंद ऱ्हानार?"

"हो."

"आन त्या वक्ताला त्याचा फोन आला तर?"

मी हसलो. आता त्या हसण्याची लाज वाटते, पण हसलो खरा. "सात महिन्यांत नेमका त्या पाऊण तासात येईल का?"

"आवं, पहाऱ्यावरचा संत्री च्या प्यायला गेला की तवाच सायबाची गाडी येती. मी उमर काढलीया त्यात." आणि मग हळूच म्हणाले, "परवा तिला तोंड दिसलं न्हाई त्याचं."

तेव्हा मी बदलीचा तोडगा काढला. ज्या खात्यावर मुलाचा फोन यायचा तेच खातं माझ्या मोबाईलवर उघडलं. म्हणजे लॅपटॉप बंद असेपर्यंत फोन आला तर इथं वाजेल, आणि काकींना निदान डोळ्यांजवळ धरून बघता येईल. आप्पांचा चेहरा खुलला. त्यांनी मला कोनाड्यासमोर सरळ उभं केलं, लॅपटॉप एक, चार्जर एक, रजिस्टर एक, असा चार्ज तोंडी दिला, माझ्याकडून तो म्हणवून घेतला, आणि मगच मला बटण दाबू दिलं. मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. काकी लुगडं नीट करून पुढ्यात बसल्या. लॅपटॉपवर टक्के चढायला लागले आणि आम्ही तिघं ते बघत बसलो. मी चेष्टेच्या मनानं आलो होतो, पण पंधरा मिनिटांनी मला पाणी प्यायलासुद्धा उठवेना.

तीस टक्के झाले असतील, मोबाईल वाजला, पडदा उजळला. काकी अर्ध्या उठल्या. नाव आलं, 'आई'. माझी आई, सांगलीहून. माझं बोट सवयीनं गेलं आणि 'नंतर फोन करतो' हा तयार निरोप निघूनही गेला.

"कोन हुतं?" आप्पांनी विचारलं.

"आई. काही विशेष नाही, रोजच करते या वेळेला."

"काय लिवलंत?"

"नंतर करतो म्हणून."

"आन करता का?"

मी मोबाईल पुन्हा तांब्याला टेकवला. आप्पांनी रजिस्टर स्वतःकडं ओढलं, त्या 'उद्या या'च्या रांगेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ह्याला मी उद्या या म्हनतो, ती मशीन हाय म्हनून. लावा फोन."

"अहो, लाईन अडकेल. तेवढ्यात याचा आला तर..."

आप्पांनी काकींकडं बघितलं. काकींना काही ऐकू आलेलं नव्हतं, पण त्यांनी आम्हा दोघांची तोंडं बघितली होती. त्यांनी मोबाईल उचलून माझ्या हातात दिला.

आईकडं खरोखरच काही विशेष नव्हतं. शेजारच्यांची मांजर व्यायली होती. नदीचं पाणी घाटाच्या पायऱ्या सोडून खाली गेलं होतं. नवी हळद दळून आणली होती, ती कराडला पाठवू की तूच येतोस, असं विचारत होती. मी येतो म्हटलं. तेव्हा ती म्हणाली, "आज बराच वेळ बोललास रे." सात मिनिटं झाली होती.

फोन ठेवला आणि खाली बघितलं. त्या सात मिनिटांत मुलाचा व्हिडिओ कॉल येऊन गेला होता. मी उलट लावला, लागला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. आप्पांना कसं सांगावं या विचारात मी मान वर केली, तर काकी माझ्याकडंच बघत होत्या. ज्या नजरेनं त्या पोराचं जेवण ओळखतात, तीच नजर. "आला हुता व्हय?" त्या म्हणाल्या, आणि उठून चहा ठेवायला गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आप्पांनी पेन काढलं, घड्याळ बघितलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं. लॅपटॉप सुरू झाला, पडदा स्वच्छ, कोपऱ्यात एक चौकोन नाही. त्यांनी माझ्याकडून रीतसर चार्ज परत घेतला. निघताना मी ती ओळ चोरून वाचली. 'अकरा चाळीस. मुलाचा फोन आला. संत्री आईशी बोलत होता. संत्र्याची चूक नाही.'

पुढचे नऊ दिवस मला धड झोप लागली नाही. दहाव्या दिवशी लॅबमध्ये असताना आप्पांचा फोन आला. "संपर्क झाला. तोंड पुरं दिसलं. जेवलाय म्हनती." एवढं बोलून त्यांनी ठेवून दिला. त्या रविवारचा विषय त्यांनी ना तेव्हा काढला, ना नंतर कधी.

आता महिन्याकाठी तो चौकोन आला की आप्पा त्याला उद्या या म्हणत नाहीत. मला फोन करतात, "बदली पाठवा." मी गाडी काढतो, तांब्याला मोबाईल टेकवतो आणि काकींशेजारी बसतो. आईचा फोन आला की आप्पा दुसरीकडं बघतात आणि मी ओट्यावर जाऊन बोलतो. हल्ली त्यासाठी मी जुना मोबाईल वेगळा ठेवला आहे. एरवीही मी आता तिचा फोन वाजला की घेतो. हे सगळं कशामुळं झालं ते मी तिला सांगितलेलं नाही. तिला वाटतं, हल्ली लॅबमध्ये मला फारसं काम नसतं.