तिच्या मापाचं पोलकं

मेलेल्या बाईचं पोलकं मी अंगात घालून बघितलं होतं. गिऱ्हाइकाचा कपडा शिवणारीनं अंगाला लावू नये, हे नांदेडच्या शिवणक्लासात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मेलेल्या गिऱ्हाइकाचं काय करायचं ते शिकवलं नव्हतं, म्हणून मी घातलं. वर आरशासमोर एक गिरकीही घेतली. नातवंडांना हे सांगितलं की ती म्हणतात, "आजी, तू असं करशीलच." करशीलच काय, केलं की!

तेव्हा मी पंचविशीची. माहेर नांदेड, सासर अहमदपूर. अंगानं काडी आणि मिजास मात्र खंडीभर. शिवणाचं सर्टिफिकेट काचेच्या फ्रेममध्ये घालून मशीनच्या वर टांगलेलं होतं. गिऱ्हाईक आलं की मी उठून त्याच्यावरची धूळ पुसायचे, धूळ असो वा नसो. आमचे हे कचेरीत कारकून. लातूर नवा जिल्हा झाला तशी त्यांची बदली तिकडं झाली. सोमवारी सकाळच्या एसटीनं जायचे, शनिवारी यायचे. नव्या जिल्ह्याचं कौतुक पुरतं ओसरलंही नव्हतं, तोच पाऊस रुसला. टँकरपुढं घागरी मांडून बाया म्हणायच्या, "जिल्हा नवा दिला, आता पानी बी नवं द्या म्हनावं."

दुष्काळात शिवणाला काम कुठलं, असं वाटेल. काम होतं, पण उलटं. त्या वर्षी मी नवे ब्लाऊज कमी शिवले आणि जुने आवळून जास्त दिले. आज अर्धा इंच आत घ्या, महिन्याभरानं आणखी अर्धा. कुठल्या गल्लीतल्या बाईचं अंग किती उतरलं हे डॉक्टरला ठाऊक नसेल, माझ्या टाचण्यांना ठाऊक होतं. मी मात्र तेव्हा त्यातही मिजासच केली. "माझ्या डोळ्यांत टेप आहे," असं चारचौघींत सांगायचे. खुळी!

होळी होऊन गेल्यावर एका टळटळीत दुपारी एक म्हातारी आली. दोन कोसांवरच्या खेड्यातली, कुणब्याघरची, गळ्यात काही नाही पण कमरेला किल्ल्यांचा झुबका. ओट्याच्या कडेला बसली, आत आली नाही. मापाला दोन जुनी पोलकी आणली होती आणि हिरव्या कापडाचा एकच तुकडा. आमच्याकडं तशी रीतच, मापाचं पोलकं द्यायचं. तिच्या घरच्या बायांच्या अंगाला माझी टेप लागू नये, हेही त्या रीतीत सोयीनं बसून जायचं. मी शिवलेलं मात्र त्यांच्या अंगाला चालायचं.

"दोन पोलकी शिवायचीत, मास्तरीनबाई. एकाच कापडाची. लेकाचं दुसरं लगीन हाय. एक नव्या सुनंचं."

"आणि दुसरं?"

"जुनीचं."

"दोघी घरात आहेत का, मावशी?"

"न्हाई. जुनी गेली. गेल्या उन्हाळ्यात, तापानं."

मग तिनं रीत सांगितली. पहिली बायको मेली की चांदीच्या पत्र्यावर बोटभर बाई ठोकून घ्यायची. दुसरीनं तो टाक गळ्यात घालायचा, म्हणजे मेलेली सवत तिला त्रास देत नाही. लग्नाच्या दिवशी मेलेलीला साडीचोळीही चढवायची, लाल फडक्यात बांधून देवापाशी ठेवायची. पण चोळीला नुसतं कापड चालतं, शिवून कशाला? मी तसं विचारलं.

म्हातारी किल्ल्यांशी चाळा करत म्हणाली, "जित्यापनी येकदाच मागितलं तिनं. म्हनली, मामी, मला माझ्या मापाचं येक शिवून द्या. माझीच जुनी आवळून घालायची ती. म्या म्हनलं, अंग झाकल्याशी कारन, मापाचं कशाला?" किल्ल्या मुठीत धरून म्हणाली, "आता ते मागाया यायची न्हाई का?"

आमच्या घरातला देव्हारा दीक्षेनंतर उठला होता. भूत, करणी, अंगात येणं हे सगळं माझ्या वडिलांनी नांदेडच्या घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. मी मनातल्या मनात हसले. पण त्या मेलेल्या सुनेची हाव मला कळली. मी तीन बहिणींतली धाकटी, थोरल्यांची उतरलेली झंपरं घालत वाढलेली. खांदा कायम दंडावर, काखेत कायम गोळा. क्लासमध्ये मी स्वतःच्या मापाचं पहिलं पोलकं शिवलं आणि घातलं, तेव्हा मला वाटलं की आजवर मी दुसऱ्याच कुणाच्या तरी घरात राहत होते. आता नातीचे कपडे फोनवरून येतात आणि बसले नाहीत की परत जातात. माझं पोलकं अजून मीच शिवते. हात थरथरतात, म्हणून टीप नागमोडी जाते. पण काखेचा गोल माझ्याच काखेचा असतो.

मापाची दोन्ही पोलकी मी मशीनवर पसरली. नवी सून देगलूरकडची. तिचं पोलकं एवढंसं, चिमणीचं. मेलेलीचं तिच्या माहेराहून आलेलं, लग्नातलं. छातीत रुंद, आणि डावी बाही उजवीपेक्षा दोन बोटं लांब. लहानपणी दंडावर भाजली होती ती, म्हातारीनंच सांगितलं, आणि डाग झाकायला आईनं बाही वाढवून शिवली होती. मीही तशीच वाढवली. मेलेल्या बाईलाही माझ्या शिवणात खोट काढता येऊ नये, अशी माझी ऐट!

नवीचं आधीच झालं होतं; मेलेलीचं पुरं झालं त्या दुपारी घरात कुणी नव्हतं. सासूबाई टँकरला गेल्या होत्या. काजं झाली, हुक लागले. आणि मला बुद्धी झाली की घालून बघावं. एवढं रुंद पोलकं माझ्या अंगावर गोणपाटासारखं लोंबणार, जरा हसू येईल, एवढाच विचार.

घातलं. बसलं.

सैल नाही, तंग नाही, काखेत चुणी नाही. मी स्वतःसाठी शिवलेलं एकही पोलकं मला तसं कधी बसलं नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही. वर पत्रे तापून तडतडत होते, आणि पोलकं आतून गार होतं, माठाला टेकल्यासारखं. दोन्ही खांद्यांवर कुणी अलगद तळवे ठेवावेत तसं वाटलं. शहाण्या बाईनं तिथंच ते काढून फेकलं असतं. मी गिरकी घेतली. आरशात डावी बाही दोन बोटं खाली आली होती आणि ती मला शोभत होती.

तेवढ्यात दारातून सासूबाई ओरडल्या, "अगं, घागर उतरीव! मान मोडली की माझी!"

मी घाईनं हुक ओढले, पोलकं काढलं, माझं चढवलं, धावले. घागर उतरवून आत आले आणि दोन्ही हिरवी पोलकी अंदाजानंच आपापल्या मापाच्या पोलक्यात गुंडाळून बांधून टाकली. उलगडून बघितलं नाही. डोळ्यांत टेप असल्यावर बघायचं कशाला?

दुसऱ्या दिवशी म्हातारीनं दोन्ही गाठोडी हातात घेऊन विचारलं, "चुकलं न्हाई न्हवं? हिचं हिला, तिचं तिला?"

मी सर्टिफिकेटकडं बोट केलं. "माझ्या हातून माप चुकत नाही, मावशी. शपथेवर सांगते."

महिन्याभरानं बाजाराच्या दिवशी ती नव्या सुनेला घेऊन आली. सतरा-अठराची पोर, डोळे मोठे, गळ्यात काळ्या मण्यांबरोबर तो चांदीचा टाक. अंगात हिरवं पोलकं, आणि डावी बाही दोन बोटं लांब.

म्हणजे गाठोडी बांधताना पोलक्यांची अदलाबदल झाली होती. मेलेलीचं पोलकं हिच्या अंगात होतं आणि हिचं तिकडं लाल फडक्यात बांधून देवापाशी ठेवलेलं. एवढी चूक कळली. पण ही पोर तर चिमणीएवढी! आणि पोलकं तिला बसलं होतं. कुठं चुणी नाही, कुठं झोळ नाही.

म्हातारीनं तिला समोरच्या लिंबाखाली बसायला पाठवलं आणि माझ्याकडं वाकून म्हणाली, "आली ती."

"कोण?"

"कोन इचारतीस? बाही बघ की! तू शपथंवर सांगितलंस, माप चुकत न्हाई. मंग हिची बाही कुनी वाढिवली?"

मी तोंड उघडलं. 'मी वाढवली, मावशी, पोलकी मी बदलली,' एवढंच म्हणायचं होतं. पण ओट्यावर आणखी दोघी गिऱ्हाइकं बसली होती, आणि मी उठून सर्टिफिकेटवरची धूळ पुसली.

"पयल्या दिशी घरात आली," म्हातारी सांगू लागली, "अन् उतरंडीतलं तिसरं मडकं काढून गूळ घेतला. कुनी दाविला न्हाई, कुनी सांगितला न्हाई. जुनी बी तसाच चोरून घ्यायची. चालतीया बी तिच्यासारखीच."

"मग आता काय करणार?"

"बघू," म्हातारी म्हणाली, आणि लिंबाखाली बसलेल्या पोरीकडं बघतच राहिली. पोर मान वर न करता जमिनीवर काडीनं रेघा ओढत होती.

शनिवारी हे लातूरहून आले तेव्हा मी सगळं सांगितलं. मी ते पोलकं घातलं होतं हे तेवढं गाळलं. हे हसले. "देगलूरच्यांनी मापाला धाकट्या बहिणीचं पोलकं दिलं असेल. पोरगी तेवढीशी दिसते, पण असेल अंगानं भरलेली. यात भूत कुठं आलं?" मग हसू आवरून म्हणाले, "पण तू जाऊन खरं सांग. उद्या देवर्षी बोलावून त्या पोरीला लिंबाच्या फोकानं झोडपतील, नाहीतर माहेरी हाकलतील. तुझ्या नाकापायी तिचा जीव जाईल."

मला ते पटलं आणि तरी मी पंधरा दिवस गेले नाही. रोज सकाळी ठरवायचे, उद्या. शिवताना सुई अडकली की मला फोकाचा आवाज ऐकू यायचा. माझं नाव जाईल, गिऱ्हाईक तुटेल, 'हिनं मेलेलीचं जितीला घातलं' म्हणतील, ही भीती एका बाजूला, आणि ती काडीनं रेघा ओढणारी पोर दुसऱ्या बाजूला. शेवटी एका मंगळवारी दुपारी पदर खोचला, चपला घातल्या आणि दार उघडलं.

दारात तीच उभी. डोक्यावर दळणाचा डबा, त्यांच्या गावची गिरणी बंद होती म्हणून आली होती. मी आधी तिचे हात बघितले, पाठ बघितली. वळ कुठं नव्हता. उलट गाल वर आले होते, मनगटांनी बाळसं धरलं होतं. त्या वर्षी सबंध तालुक्यात भरून आलेलं बाईमाणूस मी एवढं एकच बघितलं.

तिला आत घेतलं आणि उभ्या उभ्या सगळं ओकून टाकलं. "चूक माझी आहे, बाई. भूत नाही, काही नाही. मी तुझ्या सासूकडंच निघाले होते सांगायला."

तिनं डबा खाली ठेवला आणि दार लोटून घेतलं. "आजून कुनाला सांगितलंव, अक्का?"

"आमच्या ह्यांना. ते कुणाला सांगायचे नाहीत."

"मंग तुमी बी नका सांगू. पाया पडते."

"अगं, तुला मारतील!"

"कोन मारतंय?" ती पहिल्यांदा हसली. "देगलूरला आमी सहा जनं, येका भाकरीला दोघं. हितं बी पयल्या दिशी मामीनं आर्धीच वाढली. मंग त्येंची नजर बाहीवर गेली, तशी टोपली खाली ठिवली. तवापासून इचारून वाढतेत. 'आनि घेतीस का, माय?' म्हनतेत. मला माय म्हनतेत, अक्का! माजा हंडा उचलाया हात लावतेत. तुमी खरं सांगितलं का म्या पुना आर्ध्या भाकरीवर."

"आणि गुळाचं कसं कळलं तुला?"

"गूळ कुठं लपिवतेत ते सुनंला सांगावं लागतंय व्हय? आमच्या अम्माचा बी तिसऱ्याच मडक्यात असतोय."

मला हसू फुटलं. पंधरा दिवस मी जिच्यासाठी झुरत होते, तिनं म्हातारीला गुळासकट खिशात घातलं होतं. मी चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या. तिला तांब्याभर पाणी दिलं. त्या दिवसांत पाहुण्याला पाणी देणं म्हणजे मोठीच गोष्ट. तिनं थेंब न सांडता प्यायलं आणि चुंबळ करून डोक्यावर ठेवली.

डबा उचलायला मी हात लावला आणि थट्टेनं म्हणाले, "सोंग मात्र झकास करतेस गं! म्हातारी म्हणत होती, चालतेसही तिच्यासारखीच."

ती हसली नाही. डबा डोक्यावर नीट बसवला, दार उघडलं, आणि बाहेरच्या उन्हाकडं बघत म्हणाली, "सोंग पयले आठ दिसच केलं, अक्का. आता करावं लागंना."