होडीच्या काठाचं माप

शेवटच्या वर्षी नांदेडला कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आम्ही चौघांनी प्रोजेक्ट म्हणून कयाक केली. कयाक म्हणजे एका माणसाची लांबट होडी, वरूनही झाकलेली, मध्ये बसण्यापुरतं भोक. त्या भोकाभोवती काठ लागतो आणि काठाला बाहेरून ओठासारखी कड. बसणारा कमरेला कापड बांधतो, त्याचं इलॅस्टिक त्या कडेत अडकतं, मग पाणी आत येत नाही. चढता-उतरता सगळा भार त्या काठावरच पडतो. म्हणून होडी तयार झाली, भोकही कापून झालं, तरी काठ कशाचा करायचा यावर आमचं अडलं होतं.

आधी प्लास्टिकच्या पाइपात गरम वाळू भरून तो वाकवला. पुढच्या अरुंद वळणाला तो चेपला. लातूरचा मित्र म्हणाला, प्लायची तीन कडी कापू, एकावर एक चिकटवू. सर म्हणाले, प्लायची कापलेली बाजू पाणी पिते, जपावं लागेल. तेव्हा मी म्हणालो, "बांबूचा केला तर?"

आम्ही बुरूड. लोह्याजवळच्या गावात दादा, म्हणजे माझे वडील, टोपल्या, सुपं, कोंबड्या झाकायची डालगी करतात. चार वर्षं मी कॉलेजात फक्त "घरचा धंदा आहे" एवढंच सांगितलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा नीट सांगितलं. बांबूची कामटी विस्तवावर फिरवून कशी वाकवतात, टोकं तासून एकमेकांवर कशी बसवतात, हे सांगताना माझा आवाज थोडा चढलाही असेल. सर म्हणाले, "आठ दिवस आहेत. करून बघ."

मी दादांना फोन केला आणि इंच सांगायला लागलो.

"इंच नगं सांगू रं. विती सांग."

मी होडीवर हात पसरून मोजलं. लांबी साडेतीन विती, रुंदी दोन.

"पाण्यात राहणार हाय का ते?"

"हाव."

"मंग पिकला बांबू घेतो. कवळ्याला लवकर कीड लागती. बसणार कोन त्याच्यात?"

"मीच, दादा."

"मंग आतून लई गुळगुळीत करावं लागंल. मांडी सोलंल तुपली."

तिसऱ्या दिवशी दादांनी ते कडं लोह्याच्या स्टँडवर एसटीच्या कंडक्टरकडे दिलं. आमच्याकडे सामान असंच येतं. नांदेडला मी गाडीजवळ गेलो तर कंडक्टर म्हणाले, "घ्या इंजिनेर, तुमचं डालगं. सगळी गाडी इचारून राहिली, कोंबड्या कुठंयत म्हणून."

मी हसलो. कडं हातात घेतलं. बाहेरची कड सांगितली तशी होती. सांधा बोटाला लागत नव्हता.

वर्कशॉपमध्ये सगळे जमले. मी ते भोकावर ठेवलं आणि हात काढला. कडं सरळ भोकातून होडीत पडलं.

"अबे, कोंबडीसगट आत गेलं!" लातूरचा मित्र म्हणाला. सगळे हसले. एकानं ते काढून दुसऱ्याच्या गळ्यात घातलं, "घ्या सरपंच, हार." सर चिडले नाहीत. "टेप असते ती याच्यासाठीच," एवढंच म्हणाले.

मला त्याच क्षणी कळलं होतं. जन्मभर कोयता धरून दादांची बोटं पुरती उघडत नाहीत. त्यांची वीत माझ्या वितीपेक्षा बोटभर तरी कमी भरते. लहानपणापासून मी तो हात पाहिला आहे. तरी मी माझ्या हातानं मोजलं आणि त्यांना फक्त आकडा सांगितला.

संध्याकाळी दादांचा फोन आला. "बसलं का?"

"लहान झालं, दादा."

"कितीनं?"

"तीन बोटं."

"मंग पाठीव मागारी. लांब कामट्या घालून दुसरं बांधतो. दोन दिसांत देतो."

पाच दिवस शिल्लक होते. सरांनी नको म्हटलं नव्हतं. मला फक्त "हाव" म्हणायचं होतं. पण परत ते कडं घेऊन त्या सगळ्यांसमोर जायचं माझ्यानं होईना. मी म्हणालो, "सरांना उद्याच पाहिजे. आता प्लायचं करून राहिलोत."

दादा म्हणाले, "मपलंच चुकलं आसंल. हात आखडून राहिला आता."

वीत माझी होती, हे तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "आसू द्या, दादा."

प्लायचा काठ झाला. तीन थर, वरून रेझिनचे दोन हात. सगळ्यात जास्त घासकाम मीच केलं. विष्णुपुरी धरणाच्या पाण्यावर होडी नेली तेव्हा उतरताना मी दोन्ही हातांनी काठावर सगळं वजन टाकलं. तो मोडावा असं वाटत होतं. करकरलासुद्धा नाही. आम्हाला मार्क चांगले पडले. दादांचं कडं वर्कशॉपच्या भिंतीवर खिळ्याला गेलं. त्याच्यावर पाण्याची नळी गुंडाळून ठेवतात.

निकालानंतर मी दादांसोबत लोह्याच्या बाजाराला गेलो. एका बाईला भाकरीसाठी दुरडी करून हवी होती. ती म्हणाली, "दोन विती आसू द्या."

दादांनी एक लांब कामटी तिच्यापुढं केली. "बाई, तुमच्याच हातानं मोजून खूण करा. मपल्या वितीचा भरवसा न्हाई आता."

"आवं, आजवर तुमच्याच वितीच्या नेल्या की," बाई हसून म्हणाली.

"तवाचं येगळं हुतं."

मी शेजारीच बसलो होतो. बाईनं कामटीवर हात पसरला. कामटी हलू नये म्हणून दुसरं टोक मी धरून ठेवलं.