सहा रेग्युलेटरची चोरी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले आणि त्यातले निम्मे आता विसरलोही. पण सहा गॅस रेग्युलेटरच्या चोरीचं एक किरकोळ प्रकरण निवृत्तीनंतरही डोक्यातून जात नाही.

तेव्हा मी नागपूरच्या दक्षिण टोकाच्या एका ठाण्यात ठाणेदार होतो. उमरेड रोडवरच्या एका बारूद कंपनीत स्फोट झाला आणि हुडकेश्वरच्या पलीकडच्या एकाच गल्लीतल्या सहा बाया गेल्या. सकाळी एकाच बसने निघाल्या होत्या. पंचनामे, ओळख पटवणं हे सगळं मीच केलं. त्याबद्दल लिहिणार नाही. नंतरचं लिहितो, कारण नंतरचं कोणी लिहीत नाही.

आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भाकरी आणतात, समोर बसून बळंच दोन घास खायला लावतात. पण इथं शेजारचं घरही मयताचंच. कोणी कोणाकडे न्यायचं? काही दिवस जेवणाची पाकिटं आली, पुढारी आले, कॅमेरे आले. मग सगळे पांगले. गल्लीतली दारं दिवसाही बंद राहू लागली. दोन कुटुंबांनी गावी परतण्यासाठी सामान बांधायला घेतलं.

महिन्याभराने त्या गल्लीतला एक ऑटोवाला ठाण्यात आला. स्फोटात त्याची बायको गेली होती.

"साहेब, घरातून गॅसचं रेग्युलेटर चोरीले गेलं. सिलिंडर तसंच आहे."

ठाणे अंमलदाराला हसू आलं. मी त्याला डोळ्यांनीच दटावलं आणि तक्रार अर्ज घ्यायला लावला. आठवड्यात तसे सहा अर्ज झाले. सहाही घरं स्फोटात बाई गमावलेली होती. गल्ली भडकली.

"आमी अर्धे मेलेलेच आहो, म्हनून कोनीबी यावं अन् लुटावं काय?" ऑटोवाला म्हणाला. "चोर सापडला तं आमच्या हाती द्या."

ही नुसती बोलाची कढी नव्हती. कंपनीचा मालक त्यांच्या हाती लागत नव्हता. चोर लागला असता, तर सगळा राग त्याच्यावर निघाला असता. त्यांच्या आधी चोर मला सापडणं गरजेचं होतं.

म्हणून मी घाई केली आणि चुकलो. त्या गल्लीत फिरणाऱ्या भंगारवाल्याला उचलून आणलं आणि दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. संध्याकाळी तो शांतपणे म्हणाला, "साहेब, मले चोरीच कराची असती तं सिलिंडर सोडून त्याची टोपी काहून नेली असती?" इतका साधा प्रश्न माझ्या अख्ख्या पथकाला पडला नव्हता, मलाही नाही. मी त्याची माफी मागितली. वर्दीत माफी मागणं जड जातं, पण चूक झाली की मागावी.

टीप मिळाली ती दूधवाल्याकडून. तो ठाण्यातही दूध घालायचा. बोलता बोलता म्हणाला, "त्या गल्लीतल्या काकूनं दूध बंद केलं, साहेब. म्हनलं, काहून वं काकू? तं म्हने, तापवू कशावर? अन् घरात भरलेलं सिलिंडर हाये, मी सोता पाह्यलं."

या काकू पन्नाशी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्याही त्याच कंपनीत कामाला होत्या. त्या दिवशी गेल्या नव्हत्या म्हणून वाचल्या, एवढंच मला माहीत होतं.

दोन पंच आणि एक महिला हवालदार घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. शेगडीवर धूळ बसली होती. पातेल्यात भिजवलेले चणे होते, बाई त्यावरच दिवस काढत होती. तांदळाच्या डब्यात सात रेग्युलेटर सापडले. सहा लोकांचे आणि एक त्यांचा स्वतःचा.

चोरीतला माणूस एक तर नाकबूल जातो, नाही तर दुसऱ्यावर ढकलतो. ठाण्यात आणल्यावर काकूंनी पहिल्या मिनिटाला कबूल केलं, कोणत्या घराची किल्ली कुठे ठेवलेली असते ते ठाऊक होतं हेही सांगितलं, पण कारण काही केल्या सांगेनात. मी दरडावलं, समजावलं, गप्प बसून पाहिलं. तोवर बातमी फुटली आणि गल्ली ठाण्याच्या फाटकाशी जमली. वस्तू ओळखण्यासाठी मी ऑटोवाल्याला आत घेतलं. तो दाराशी उभा असतानाच महिला हवालदाराने हळूच विचारलं, "काकू, त्या दिवशी तुम्ही कामावर का नाही गेलात?"

काकू ऑटोवाल्याकडे न बघता बोलल्या. "त्या दिवशी कामाची पाळी माही होती. मले ताप होता. याच्या बायकोनं म्हनलं, काकू तुमी पडा, तुमच्या जागी मी जाते." मग समोरच्या रेग्युलेटरकडे बोट दाखवून म्हणाल्या, "शेगडी पेटवताना भप्पकन आवाज होते ना साहेब, तो आयकला का माहा जीव जाते. त्या पोरी आगीनं गेल्या. त्यायच्या घरी पुन्हा आग नको, म्हनून आनले."

मी उठून दोघांच्या मध्ये उभा राहिलो. त्याचा हात उठेल असंच मला वाटलं.

"मले माहीत हाये, काकू," ऑटोवाला म्हणाला. "ती मले सांगून गेली होती."

"मंग बोलला काहून नाही गा?"

"तुमी दार कुठी उघडलं? दोनदा येऊन गेलो मी."

आमच्या त्या खोलीत मी बरंच रडणं ऐकलंय, पण काकू त्या दिवशी जशा रडल्या तसं नाही. माझेही डोळे भरून आले, सांगायला लाज वाटत नाही.

फाटकाशी जाऊन गल्लीला सगळं सांगितलं ते ऑटोवाल्याने, मी नाही. कोणी ओरडलं, कोणी खाली बसलं. पण सहाही घरांनी 'आमची तक्रार नाही' असे जबाब लिहून दिले. मी अर्ज निकाली काढले आणि गॅसचा मिस्त्री घेऊन रेग्युलेटर स्वतः परत द्यायला गेलो. प्रत्येक घरात मिस्त्रीने तो लावून, तपासून दाखवला.

काकूंच्या घरी पोचलो तेव्हा दार लोटलेलं होतं. ऑटोवाला ताट घेऊन आत जात होता. पिठलं होतं आणि त्याने स्वतः थापलेल्या, कडेला करपलेल्या दोन भाकरी. मागे तीन-चार बाया होत्या.

"दुखाच्या घरी भाकर बाहेरून येत असते, काकू. जेवा," तो म्हणाला.

मागची एक बाई म्हणाली, "माहा राग अजून गेला नाही. पन तुमी जेवा."

काकू जेवल्या. त्यानंतर गल्लीने ठरवलं, की प्रत्येक घराने आठवड्यातून एक दिवस पलीकडच्या घरासाठी रांधायचं. राग असला तरी रांधायचं. सामान बांधलेल्यांपैकी एक कुटुंब गेलंच, दुसरं थांबलं. कंपनीवरच्या खटल्याच्या तारखांना मग सगळी गल्ली मिळून जाऊ लागली, आणि बसमध्ये काकू पुढच्या सीटवर असायच्या.

गुन्हेगार कोण, एवढंच शोधायला आम्ही शिकलेलो असतो. दुखावलेलं कोण, हे मोजताना मात्र मी कागदावर विसंबून राहिलो. माझ्या पंचनाम्यात सहा घरं होती. त्या दिवशी ताट घेऊन निघालेल्या माणसाने सातवं मोजलं.